नऊ इंच

२ मार्च

धाकट्यास,

आशीर्वादाने सुरुवात करावी की सरळ कामाचं लिहावं, यात अर्धा तास गेला. कामाचंच लिहितो. अकरा वर्षं शब्द नाही आणि एकदम आशीर्वाद आला तर तुला ठसका लागायचा.

हे पत्र मी टपालात टाकणार आहे. ते आधी मुख्य कचेरीत जाईल, तिथे त्यावर शिक्का बसेल आणि दोन दिवसांनी तुझ्या दारात येईल, म्हणजे माझ्या दारापासून सात पावलांवर. हसायचं असेल तर हस. भिंत साडेचार इंचांची आहे, मला ऐकू येतं.

तुझ्या वहिनीला एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात घरी सोडतो असं डॉक्टर म्हणाले. कंबरेखाली बळ परत येणार नाही. हे त्यांनी टेबलाच्या पलीकडून सांगितलं आणि वर चाकांच्या खुर्च्यांच्या चित्रांचं एक पुस्तक माझ्यापुढे सरकवलं, मी जणू पसंतीला आलो होतो. मी खिशातून टेप काढला आणि वॉर्डात जी खुर्ची उभी होती तिचं माप घेतलं. रुंदी सव्वीस इंच. मग घरी येऊन आपल्या, म्हणजे माझ्या, घरातली दारं मोजली. चोवीस. सगळी चोवीस.

कारण तुला ठाऊक आहे. चाळीस वर्षं आपल्या कारखान्यातून गावभर तीन-तीन फुटांची दारं गेली आणि घरात मात्र मी गिऱ्हाइकांनी नाकारलेला माल बसवला. कुणाला गाठ निघाली म्हणून, कुणाचं माप चुकलं म्हणून. तुझी वहिनी म्हणायची, "या दारांत एक दिवस मी तरी अडकेन नाहीतर तुम्ही तरी." ती पडली त्या दिवशी स्ट्रेचर आत जाईना. तेव्हा तू भिंतीपलीकडून धावत आलास, न्हाणीघराचं आणि निजायच्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढलंस, आणि त्याने मिळालेल्या दीड इंचावर तिला बाहेर काढलंत, हे मला नंतर कळलं. मी कारखान्यातून पोचलो तेव्हा गाडी निघून गेली होती. दोन्ही दारं व्हरांड्यात भिंतीला टेकून होती आणि खिडकीत सगळे स्क्रू ओळीने मांडलेले होते. अशा वेळीही स्क्रू ओळीने मांडणारा एकच माणूस मला माहीत आहे. त्याबद्दल तुला काहीतरी म्हणायचं राहून गेलं.

असो. मी एक आर्किटेक्टबाई आणल्या आहेत. वयाने लहान, अंबाड्यात पेन्सिल खोचतात आणि मग घरभर पेन्सिल शोधतात. पण काम चोख. त्यांनी दोन नकाशे दिलेत. एक मोकळा. आतल्या भिंती पाडायच्या. पुढची खोली, स्वयंपाकघर, निजायची जागा सगळं एकच. खुर्ची कुठूनही कुठेही फिरेल. पलंगाभोवती पडदा आणि दार फक्त न्हाणीघराला. दुसरा बंद. तुझ्या भिंतीच्या कडेने बोळ आणि बोळातून खोल्या, आत्तासारख्याच, फक्त दारं तीन फुटांची. माझं मत काय असेल ते तुला सांगायला नको. दारं नसलेलं घर म्हणजे बसस्टँड, हे मी जन्मभर सांगत आलोय.

तुला लिहायचं कारण इतकंच, की आपल्यामधली भिंत बिनपायाची, नुसती फरशीवर उभी आहे. बाईंनी मला तडा दाखवला. आतलं काम काढलं की ती पाडून नव्याने बांधावी लागेल आणि त्याला आपल्या दोघांची सही लागेल. कागद आणि दोन्ही नकाशे सोबत ठेवलेत. एका ठिकाणी बाईंचं माप घराच्या जुन्या कागदाशी जुळेना. त्यांचा टेप सैल असेल.

तुझं मत विचारत नाही. सही कर आणि पाठवून दे.

दादा


९ मार्च

धाकट्यास,

सहीचा कागद मिळाला. देताना पोस्टमन म्हणाला, "काका, पुढच्या वेळी मला नुसती हाक मारा. या दारातलं त्या दारात मीच देतो की." मी म्हटलं, "तुम्ही तुमचं काम करा." त्यावर तो जो हसला, ते मला अजिबात आवडलं नाही.

सहीचं ठीक आहे. पण बंद नकाशाच्या कोपऱ्यात तू पेन्सिलने बरोबरची खूण केली आहेस. शब्द एक नाही, नुसती खूण. मोकळ्या घरांचं एवढं कौतुक असलेला माणूस बंद घरावर खूण करतो, तेव्हा त्याचा अर्थ 'घे तुझी दारं आणि बस कुरवाळत' असाच असणार. टोमणा पोचला.

तुला ते चौदा दारांचं प्रकरण उकरायचं असेल तर मीही विसरलेलो नाही. गिऱ्हाइकाने चौदा दारं सांगितली होती. लाकूड कापायला घेणार तेवढ्यात तो आला आणि म्हणाला, घर मोकळं करतोय, तीनच दारं पुरेत. तू लगेच मान डोलावलीस. "बरं झालं, उरलेल्या लाकडात तुम्हाला फडताळं करून देतो, आता लोकांना असंच हवं असतं." मग मी त्याच्यासमोर तुला जे बोललो ते आपल्या दोघांनाही पाठ आहे. पुन्हा कशाला लिहू? तू कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवलीस आणि बायकोला घेऊन सासुरवाडीला गेलास. आठ दिवसांनी परत आलास तेव्हा घरात भिंत होती.

तर आता ऐक आणि खुर्चीत नीट बसून ऐक. मी मोकळा नकाशा ठरवला आहे.

होय, मी. बाईंनीही दोनदा विचारलं. मी त्यांना उजेडाचं सांगितलं, वाऱ्याचं सांगितलं. पलंगावरून तिला रस्ता दिसेल, मी चहा उकळताना दिसेन, चहा उतू जाताना तर नक्कीच दिसेल. हाक मारली की ऐकू येईल. माणसाने काळाप्रमाणे बदलावं. बाई म्हणाल्या, "काका, पण एकदा भिंत जुन्या कागदाप्रमाणे बरोबर मधोमध घेतली की बंद नकाशा कायमचा गेला हं. बोळ अरुंद पडेल, खुर्ची वळणार नाही." मी म्हटलं, "जाऊ दे की. भिंत मधोमधच घ्या."

त्या माझ्याकडे जरा बघत राहिल्या. मग पेन्सिल शोधायला लागल्या.

तेव्हा तुझी खूण तुझ्यापाशीच ठेव. काम पुढच्या आठवड्यात सुरू होईल. धूळ येईल, खिडक्या लावून घ्या.

दादा


१७ मार्च

धाकट्यास,

आज सकाळी वॉर्डात गेलो तर वहिनीच्या उशाशी एक लाकडी फळी दिसली. मांडीवर ठेवून जेवता येईल अशी, कडा गोल केलेल्या, खाली फडकं चिकटवलेलं. घासकाम बघूनच कळलं. तरी मी नर्सला विचारलं, ही कुठून आली? ती म्हणाली, "तुमचे भाऊ देऊन गेले ना. ते रोज चारला येतात. तुम्हाला माहीत नाही?"

मी म्हटलं, माहीत आहे. नर्ससमोर कोण तोंडघशी पडणार?

मी दहाला जातो आणि बाराला निघतो, तू चारला जातोस. दोन महिन्यांत एकदाही गाठ पडली नाही, यामागे कुणाचं तरी डोकं असणार आणि ते माझं नाही. तुझ्या वहिनीने इतके दिवस एका शब्दाने सांगितलं नाही. मी तिला तसं म्हटलं तर म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत?" मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट ती चार वाजता एकटी नसते, या विचाराने जिवाला बरं वाटलं. हे तुला कळावं म्हणून लिहितो.

पण मूळ गोष्ट वेगळीच आहे. मी तिला मोकळ्या घराचं सांगायला गेलो होतो. औषधांच्या कागदामागे नकाशा काढला, इथे पलंग, इथे तुझी खिडकी, इथून तुला सगळं दिसेल. बोलताना मला माझंच कौतुक वाटत होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान आहे. पण मला एक दार हवं."

मी म्हटलं, "न्हाणीघराला आहे की."

"न्हाणीघरात तुम्ही किंवा ती मदतीला येणारी बाई बरोबर असणारच. मला माझ्या खोलीला दार हवं. मी स्वतः लावीन असं. तुम्ही लावायचं नाही, मी." मग म्हणाली, "इथे उचलायला दोघी, पुसायला एक. डॉक्टर आले की मागे सात-आठ शिकाऊ. चादर बाजूला करतात आणि माझ्या पायांबद्दल एकमेकांशी बोलतात. पडद्याला काय अर्थ असतो? 'येऊ का' म्हणेपर्यंत माणूस आत आलेलं असतं. दोन महिन्यांत मी एकदा धड रडलेसुद्धा नाही. रडायला दार लागतं हो."

चाळीस वर्षं दारं केली. दार कशाला लागतं हे मला बायकोने औषधांच्या कागदावर शिकवलं.

मी तरी रेटून म्हटलं, "अगं, पण मोकळं घर…" तर म्हणाली, "मोकळं तुम्हाला कधीपासून आवडायला लागलं?" मी खिडकीबाहेर बघितलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती पाण्याची टाकी.

निघताना म्हणाली, "धाकट्याला मी पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलंय दाराचं." म्हणजे तुझी ती खूण टोमणा नव्हता. मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते मागे घेतो.

पण बंद नकाशा मला करता येत नाही. त्याला कारण आहे. ते उद्या लिहितो.

दादा


१८ मार्च

धाकट्यास,

काल 'उद्या लिहितो' म्हटलं आणि आज सकाळपासून तीन रंध्यांच्या पात्यांना धार लावली. तिन्हींना गरज नव्हती. आता चौथा रंधा नाही, म्हणून लिहायला बसलो.

बाईंचा टेप सैल नव्हता. आपल्यामधली भिंत मधोमध नाही. ती तुझ्या बाजूला नऊ इंच सरकलेली आहे.

तू सासुरवाडीला होतास. घर आतून चोवीस फूट, म्हणून बारावर खूण केली, दोन्ही टोकांना खिळे ठोकले, दोरी ताणली. गवंडी म्हणाला, चहा घेऊन येतो. तो गेला आणि मी एकटाच त्या दोरीकडे बघत उभा राहिलो. डोक्यात राग होता. तू निघून गेलास, मागे वळून बघितलं नाहीस, म्हणजे चूक माझी ठरवून गेलास, असं काहीतरी. मी दोन्ही खिळे उपटले आणि नऊ इंच पलीकडे ठोकले. नऊच का, ते विचारू नकोस. टेपवर अंगठा तिथे पडला. गवंड्याने येऊन दोरीवर विटा लावल्या. त्याला काय माहीत?

घाईत झालं, चुकून झालं, असं मी म्हणणार नाही. अर्ध्या सुताचा फरक मला नुसत्या डोळ्यांनी दिसतो. नऊ इंच चुकून होत नाहीत. अकरा वर्षं मी त्या बोळातून जातो तेव्हा खांदा भिंतीपासून लांब धरून जातो. तुझ्या वहिनीला वाटतं मला सवयच आहे तशी.

आता नकाशाचं. ते नऊ इंच धरून बोळ पावणेचार फूट होतो. त्यातून तीन फुटांच्या दारात खुर्ची वळते, जेमतेम पण वळते. नऊ इंच तुला परत दिले की बोळ तीन फूट उरतो आणि खुर्ची दारासमोर अडकते. खोली लहान करावी तर पलंगाशेजारी खुर्ची उभी राहत नाही. बाईंनी सगळ्या बाजूंनी करून बघितलं. म्हणजे बंद घर हवं तर तुझे नऊ इंच माझ्याकडे राहायला हवेत. आणि तुझे तुला द्यायचे तर घर मोकळंच करावं लागतं. म्हणून मला उजेडाचा आणि वाऱ्याचा एवढा पुळका आला होता. नवी भिंत गुपचूप जागेवर न्यायची, तुला कधी कळलंही नसतं, आणि मी सुटलो असतो. किंमत तिच्या दाराची होती, हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं.

मी चोरलेलं परत करायला निघालेलो नाही, ते माझ्याकडेच राहू दे म्हणून मागतोय. लिहिताना माझेच कान गरम झालेत. तू नाही म्हणालास तर तो तुझा हक्क आहे. भिंत मधोमध बांधू, घर मोकळं करू, आणि दार का मिळालं नाही हे मी तिला सांगेन. सगळं सांगेन, खिळ्यांसकट. ते मात्र तू सांगू नकोस.

काम थांबवलं आहे. तुझ्या उत्तराची वाट बघतो.

दादा


२६ मार्च

धाकट्यास,

आठ दिवस लावलेस. या आठ दिवसांत मी पोस्टमनला रस्त्याच्या कोपऱ्यावर गाठायला लागलो होतो. तोही आता हसत नाही.

तुझं पत्र समोर ठेवून लिहितोय. वाचून पाठ झालं आहे, तरी एक भाग इथे उतरवून काढतो. मी तो बरोबर वाचला ना, हे तूच बघ.

'दादा, नऊ नाहीत, सव्वानऊ आहेत. सासुरवाडीहून आलो त्याच संध्याकाळी मी टेप लावला होता. तुला वाटलं मी भिंत बघून नुसता गप्प बसेन? मोजल्यावर गप्प बसलो. आमचं भिंतीतलं कपाट बावीस इंचांचं करायचं होतं, ते तेरा इंचांचं केलं. हँगर आडवा मावत नाही. सगळे शर्ट समोर तोंड करून उभे असतात, दार उघडलं की वाटतं मंडळी भेटायला आलीत. बायको म्हणायची, जाऊन भांडा. मी म्हटलं, त्या बाजूला वहिनी राहते, तिचा बोळ मोठा झाला तर होऊ दे. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि त्याच वर्षी वहिनी या घरात आली. माझी शाळेची दप्तरं तिने शिवली, ताप आला की रात्र तिने काढली, तू तर कारखान्यात असायचास. तुला मी अर्धं सूतसुद्धा दिलं नसतं. ते इंच तुला दिलेच नव्हते, वहिनीला दिले होते. बंद नकाशावर खूण केली ती तेच सांगायला. त्यावर भिंत आहे तिथेच दाखवली आहे, बघितलं नाहीस का? भिंत तिथेच बांधा. तिचं दार मी करणार. सरकतं करणार, वरून टांगलेलं, खाली उंबरा नाही. खुर्चीतल्या माणसाला बिजागरीची झडप ओढून घ्यायला मागे सरकावं लागतं, सरकत्या दाराला नुसता हात पुरतो. नाक मुरडू नकोस.'

सव्वानऊ वाचून मी आधी चिडलो आणि उठून मोजायला गेलो. सव्वानऊच आहेत. गिलाव्याचा पाव इंच मी धरला नव्हता.

मग बोळातच फरशीवर बसलो आणि रडलो. हे लिहायला लाज वाटत नाही. तू अकरा वर्षं पलीकडे शर्ट उभे टांगून राहिलास आणि मी इकडे समजत होतो की तुला काही कळलं नाही. मी तुला कमी समजत आलो. तुझ्या कामात, तुझ्या मनात, सगळ्यात.

सरकत्या दाराबद्दल मी नाक मुरडलं. सवयीने. मग वॉर्डातल्या खुर्चीत बसून एका साध्या दाराशी झटापट करून बघितली. तू म्हणतोस ते खरं आहे. दोनदा गुडघा आपटला आणि नर्स ओरडली. तेव्हा सरकतंच कर. कडीचं माप पाठवतो: जमिनीपासून एकतीस इंच, बसलेल्या माणसाचा हात सहज पडतो तिथे. कडी आतूनच. बाहेरून काही नको, मूठसुद्धा नको असं ती म्हणते. मी म्हटलं, काही झालं तर आम्ही आत कसं यायचं? तर म्हणाली, "दारांच्या कारखान्यात दोन माणसं आहेत ना? काढा बिजागऱ्यांतून." मी सांगितलं, सरकत्या दाराला बिजागऱ्या नसतात. "मग धाकट्याला विचारा," म्हणाली. शेवटी मूठ ठेवायला तयार झाली, पण लहान.

चांगलं लाकूड कारखान्यात मागच्या भिंतीला आहे, वरून तिसरी फळी. मी हल्ली नवीन काम फारसं घेत नाही, दुरुस्त्या करतो, त्यामुळे कामाचा ओटा मोकळाच असतो. तुझ्याकडे जुनी किल्ली असेल तर तीच चालेल. कुलूप मी बदललं नाही.

दादा


२९ एप्रिल

धाकट्यास,

परवा तू इथेच होतास, कालही दोनदा आलास, तरी हे लिहावं लागतंय. तोंडाने जमत नाही. गेल्या आठवड्यात दार टांगताना आपण बोललो ते मी मोजलं आहे. "धर." "धरलं." "अर्धं सूत वर." "आता?" "आता." अकरा वर्षांनंतरचं बोलणं एवढंच, पण मला पुष्कळ झालं. तू शिडीवर होतास म्हणून माझं तोंड तुला दिसलं नाही.

परवाचं पुढचं तुला माहीत नाही. ती दवाखान्यातून आली, बोळातून खुर्ची घेतली, कुणाचाही हात लागू दिला नाही. दारासमोर वळली तेव्हा दोन्ही बाजूंना चार-चार बोटं उरली. आत गेली, हात लांब करून दार ओढलं आणि कडी लावली. आपण तिघं बाहेर उभे. तुझी बायको पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली आणि तू डोळ्यात भुसा गेला म्हणत घरी निघून गेलास. भुसा मी तीन दिवसांपूर्वीच झाडला होता.

आतून आधी काहीच आवाज नव्हता. मग ती रडायला लागली. तिला इतक्या मोठ्याने रडताना मी कधीच ऐकलं नव्हतं, लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. मी दोनदा हात उचलला वाजवायला आणि दोनदा खाली घेतला. बाहेर उभं राहणं हेच माझं काम होतं, आणि तेवढंही मला कठीण जात होतं. अर्ध्या तासाने दार सरकलं. डोळे सुजलेले, पण चेहरा तिचा पहिल्यासारखा. म्हणाली, "झालं. आता चहा टाका. आणि धाकटा कुठे गेला?"

आज सकाळी चहा घेताना तिने विचारलं, "दाराचं त्याला काय म्हणालात?" मी म्हटलं, "चांगलं झालंय म्हणालो." तिने कप खाली ठेवला. "आणि त्या दिवशी गिऱ्हाइकासमोर बोललात त्याचं?"

तेच लिहायला बसलोय. मी म्हणालो होतो, "याला साधी चौकट काटकोनात बसवता येत नाही, म्हणून हा बिनदारांच्या घरांच्या गप्पा मारतो." परक्या माणसासमोर, हसून.

ते खोटं होतं. त्याच आठवड्यात तुझी एक चौकट कारखान्यात उभी होती. तू जेवायला गेलास तेव्हा मी तिला चारही कोपऱ्यांत काटकोन बघायचा गुण्या लावून बघितला. कुठेच फट नव्हती. मग शेजारच्या माझ्या चौकटीला लावला. तिच्यात होती. त्या वर्षी माझा उजवा हात थरथरायला लागला होता. कुणाला सांगितलं नव्हतं, तुझ्या वहिनीलाही नाही. चौदा दारं माझ्याच्याने होणार नाहीत या भीतीने मला झोप येत नव्हती, आणि गिऱ्हाईक तीनच पुरेत म्हणाला तेव्हा मी मनातून सुटलो होतो. तुझ्याआधी मी सुटलो होतो. आणि नेमकं तेव्हाच तू हसून मान डोलावलीस. मला वाटलं, याला माझा हात दिसला, हा मला सांभाळून घेतोय. तेवढं मला सहन झालं नाही. बाकी दार, भिंत, मोकळं, बंद, हे सगळं त्यानंतरचं आहे.

माझं चुकलं. तू माझ्याहून चांगला सुतार आहेस, आणि ते मला तेव्हाही माहीत होतं.

एवढं लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. म्हणते, "छान लिहिलंत. आता उठा आणि जाऊन द्या." मी म्हटलं, टपालात टाकतो. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं.

तेव्हा येतोय. कागद तुझ्या हातात देईन आणि तू वाचेपर्यंत दारातच उभा राहीन. बस म्हणालास तर बसेन.

दादा